काकांच्या राखेवरचा आंबा

दुसऱ्याच्या अंगणात डोकावू नये, अशी रीत मला लहानपणीच शिकवली गेली. मी ती पाळत नाही. आमच्या ले-आऊटमध्ये, प्लॉट पाडून उठलेल्या वस्तीत, कुणाच्याही फाटकावरून जाताना माझी मान आपोआप वळते आणि डोळे सरळ झाडाच्या बुडाशी जातात. कोपऱ्यावरच्या घरी कढीपत्ता आहे. येणारा-जाणारा तोडतो म्हणून त्या कढीपत्त्याला जाळीचं कुंपण आहे. घराला मात्र अजून नाही. त्याच्या पलीकडच्या घरी नारळ लावतात. वाशीममध्ये नारळ! दर उन्हाळ्यात तो भाजतो आणि दर पावसाळ्यात ते नवा आणतात. मला त्यांचा रागही येतो आणि कौतुकही वाटतं.

मी इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तपासणीचं काम करते. रक्त, लघवी, थुंकी. दिवसभर लोकांच्या आत काय चाललंय ते बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. संध्याकाळी घरी आले की ती दाबून ठेवलेली उत्सुकता झाडांवर निघते. हे पान का वळलं, ही फांदीच का सुकली, शेजारची का नाही, हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. माझ्या सीताफळाला आणि जांभळाला मी उन्हाळ्यात थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या टांगते, झाकणाला सुईनं भोक पाडून. थेंब थेंब पाणी बुडाशी पडत राहतं. गल्लीतल्या बायका फाटकाशी थांबून विचारतात, "काय व, आज कोणाले सलाईन लावली?"

इथं झाड जगवणं सोपं नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही सगळी सोयाबीनची वावरं होती. मग प्लॉट पडले, मुरूम पडला, बांधकामाचा उरलेला सगळा कचरा त्याच जमिनीत दबला. खड्डा खोदायला घेतला की आधी विटांचे तुकडे निघतात, मग सिमेंटच्या गोण्या, मग मुरूम, आणि चिकाटी सोडली नाही तर शेवटी माती. त्यामुळे आमच्या गल्लीत एखादं रोप कमरेएवढं झालं की त्याची चर्चा होते.

समोरच्या काकूंच्या आंब्याची चर्चा मात्र वेगळ्या कारणानं झाली.

काकू आणि काका मूळचे आसेगावचे, मंगरूळपीरकडचे. आयुष्य शेतीत गेलं. काकांच्या छातीचं दुखणं वाढलं तेव्हा मुलानं दोघांना वाशीमला आपल्या घरी आणलं आणि वावर बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, कसायला दिलं. काका इथं रमले नाहीत. फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि आभाळाकडे बघून पिकांची काळजी करायचे, ज्या पिकांशी आता त्यांचा काही संबंध नव्हता. काकूंना कसं वाटतं असं मी एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमाले नाई करमत बापा इथं." पण मी त्यांना रोज बघत होते. भाजीच्या गाडीवाल्याशी घासाघीस करताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मी खिडकीतून उठायची नाही. गुरुवारच्या भजनाला त्या सगळ्यांच्या आधी जाऊन बसायच्या. गुडघ्यानं त्रास दिला की माझ्याकडे यायच्या, माझ्या ओट्यावर पाय लांब करून बसायच्या आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची खबर द्यायच्या. मी घरात एकटीच असते. काकूंच्या येण्याची मला सवय लागली होती, खरं तर चटकच.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. अंत्यविधी गावाला झाला. त्यांच्या गावात आता बरेच लोक राख नदीत सोडत नाहीत. आपल्याच वावरात खड्डा करून त्यात टाकतात आणि वर एक झाड लावतात. मुलानंही तसंच करायचं ठरवलं होतं. पण राख सावडून झाली आणि काकू अडून बसल्या. म्हणाल्या, वावरात नको, घरी न्यायची. वाशीमला, फाटकाशेजारी, काकांच्या खुर्चीच्या जागेवर.

वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गावरान आंब्याची कोय काकूंनी आधीच्या उन्हाळ्यात तेलाच्या डब्यात लावली होती. तिचं रोप वीतभर वर आलं होतं, तेच लावलं. सगळी गल्ली हात जोडून उभी होती, मीही होते. मला बरं वाटलं. काकूंच्या डोळ्यांसमोर काहीतरी वाढेल असं वाटलं.

त्या दिवसापासून काकूंचा दिनक्रम त्या आंब्याभोवती फिरू लागला. जुन्या लुगड्याची सावली केली, बकऱ्या येऊ नयेत म्हणून बोराट्या, बोरीच्या काटेरी फांद्या, लावल्या. सकाळी एक तांब्या पाणी, संध्याकाळी एक तांब्या पाणी. आणि दोन्ही वेळा बशीभर चहा. दूध-साखरेचा, आलं घातलेला.

"काकू, चहा कायले टाकता झाडाले?"

"तुह्या काकाले दोन टाइम चहा लागे. न भेटला तं घर डोक्यावर घे तो."

मुंग्यांची रांग मात्र फाटकापासून बुडापर्यंत लागलेली असायची.

उन्हाळ्यात आंब्याची नवी पानं पिवळी निघू लागली. ऊन आहे, होतं असं, म्हणून मी सोडून दिलं. पण पावसाळा आला, माझं जांभूळ सरसर वर गेलं, रस्त्याकडेचं तणसुद्धा हिरवंगार झालं, आणि काकूंचा आंबा आणखी पिवळा पडला. पानांच्या कडा करपल्या. वाढ थांबली.

एका संध्याकाळी काकू माझ्या ओट्यावर आल्या त्या नेहमीसारख्या बसल्या नाहीत. खांबाला टेकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "तो सुकून राह्यला. त्याले इथं राहाचंच नाई. जिता असताना करमलं नाई, आता काय करमन? मी जबरदस्तीनं आणला त्याले."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"नाई व. हे झाड जगलं तं मी समजीन का तो राह्यला. नाई जगलं तं मी बी गावाले जातो. तिकडचं घर हाय. माणूस तिकडे अन् मी इकडे कायले बसू?"

त्या घराची मला माहिती होती. टिनाचं छप्पर, विहिरीवरून पाणी, शेजारची दोन्ही घरं कुलूपबंद. आणि काकूंना माझ्या ओट्याच्या पायऱ्या चढतानासुद्धा हाताचा आधार लागतो. मुलगा नको म्हणणार आणि काकू ऐकणार नाहीत, हेही मला माहीत होतं. मला भीती वाटली. काकूंसाठी वाटली आणि तितकीच माझ्यासाठी.

म्हणून मी त्या झाडाच्या मागे हात धुऊन लागले. पहिला संशय अर्थातच चहावर. गोड पाण्यानं मुळं सडत असतील, मुंग्या खात असतील. काकूंना हातापाया पडून चहा थोडा लांब, भिंतीकडे ओतायला लावला. त्यांनी ओतला, पण "सॉरी" म्हटल्यासारखं झाडाकडे बघून. काही फरक पडला नाही. मग पाणी जास्त होतंय असं वाटलं, ते कमी केलं. तरी तेच. कीड शोधली, एकही नव्हती. मला रात्री झोपताना ती पानं दिसायची, आणि एकदा तशीच ती डोळ्यांसमोर आणून बघताना लक्षात आलं की पान पिवळं आहे पण शिरा हिरव्या आहेत.

हे मी आधी पाहिलेलं होतं. माझ्या माहेरी संत्र्याचा बगीचा होता. त्यातल्या एका पट्ट्यात चुनखडीची जमीन होती आणि त्या पट्ट्यातली झाडं नेमकी अशीच दिसायची, हिरव्या शिरांची पिवळी पानं. वडील म्हणायचे, जमिनीत चुना जास्त, झाडाला लोह भेटत नाही. पण काकूंच्या अंगणात चुना कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी लॅबमधून येताना मी लघवी तपासायच्या पट्ट्या आणल्या. त्या पट्टीवर एक चौकोन आम्ल आणि खार सांगतो. खार वाढला की तो हिरव्यावरून निळ्याकडे जातो. तीन बाटल्यांत तीन ठिकाणची माती पाण्यात कालवली: एक माझ्या अंगणातली, एक काकूंच्या भिंतीकडची आणि एक आंब्याच्या बुडाची, हातभर खालून काढलेली. गाळ खाली बसू दिला. काकू शेजारी बसून बघत होत्या. त्यांनाही आता गंमत वाटायला लागली होती.

"झाडाची लघवी तपासून राह्यली का व?"

पहिली पट्टी हिरवी. दुसरी थोडी गडद हिरवी, आपल्या काळ्या मातीत असते तशी. तिसरी पट्टी बुडवली आणि तो चौकोन बघता बघता गर्द निळा झाला. पट्टीवर त्याच्या पुढचा रंगच नव्हता. मी इतकी खूश झाले की कोणाचं काय चाललंय हे विसरूनच गेले.

"हे पाहा काकू! खार आहे हा सगळा! खड्ड्यात काय टाकलं होतं?"

विचारलं आणि उत्तर मलाच कळलं. काकूंनाही कळलं. लाकडं, गोवऱ्या, सगळ्याची राख. थोडी असती तर झाडाला खत झाली असती. मी हळू आवाजात विचारलं, किती होती. काकू म्हणाल्या, "सगळी. पोते भरून आणले होते. पोरगा म्हणे थोडी इथं टाकू, बाकी नदीत सोडू. मी म्हटलं, अर्धा माणूस इथं अन् अर्धा वाहून जाईन, असं कसं? एक मूठ बी बाहेर राहू देली नाई."

वावरात मोठा खड्डा असता, चारी बाजूंनी मोकळी माती असती, तर एवढी राखही खपून गेली असती. इथं एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला काँक्रीट, खाली मुरूम. राख जागची हलली नव्हती.

"मंजे," काकू म्हणाल्या, "झाड तुह्या काकाच्यानंच मरून राह्यलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर निकाल हातात असताना मला खोटं जमत नाही. मी हो म्हटलं. काकूंनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या, आणि घरात गेल्या.

पुढचे कितीतरी दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. फाटकात दिसल्या तरी मान फिरवायच्या. चहा पुन्हा बुडाशी पडू लागला. दसरा गेला, आपट्याची पानं द्यायलाही आल्या नाहीत. मला ओट्यावर बसवेना. मग एक दिवस त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, तुमी आईले काय सांगतलं? ती म्हणते गावचं घर झाडून ठेव."

माझा पारा चढला. तशीच उठले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काकू, माह्यावर रुसा, जन्मभर रुसा. पण झाड अजून मेलं नाही. खोड हिरवं आहे, मी नखानं पाहिलं. काढून दुसरीकडे लावू. न पाहता गावाले कायले पळता?"

काकू पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. त्यांनी विचारलं, "खोदलं तं आत काय दिसन?"

तेव्हा मला समजलं. त्या माझ्यावर रुसल्या नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मी तुमच्या शेजारीच उभी राहते.

रविवारी सकाळी मुलानं कुदळ घेतली. आम्ही आंब्याभोवती लांबून गोल आखला आणि हळूहळू आत आलो. काकू खुर्ची घेऊन बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून. वरची माती निघाली, आणि खाली करड्या-पांढऱ्या रंगाचा थर लागला. भाकरीसारखा घट्ट झालेला. कुदळ लागली की त्याचे तुकडे पडत होते. मी वाकून मुळं शोधू लागले. मुख्य मूळ सरळ खाली गेलं होतं, थराला टेकलं होतं आणि तिथून आडवं वळलं होतं. थराच्या काठाकाठानं, भिंतीला चिकटून, जिथं बोटभर माती होती तिथून ते बाहेर निघायची वाट काढत होतं. अशी हुशारी मी कधी पाहिली नव्हती. मी काकूंना हाताला धरून आणलं आणि दाखवलं.

काकूंनी वाकून त्या मुळाला बोट लावलं. मग म्हणाल्या, "असाच होता तो. खाटेवर मंधात झोपे. मी काठावर. जरा सरका म्हटलं तं घोरे."

मुलाला हसू आलं. मला आलं. काकूंना तर असं आलं की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं, आणि हसता हसता त्या रडू लागल्या. काका गेल्यापासून काकूंना मी पहिल्यांदाच रडताना पाहत होते. आम्ही कुदळ ठेवली आणि त्यांना रडू दिलं.

आंबा मातीच्या गड्ड्यासकट निघाला. घराच्या दुसऱ्या बाजूला, बोअरच्या जवळ, नवा खड्डा केला. कुजलेलं शेणखत आणि नर्सरीची माती घातली. लावल्या लावल्या त्यानं मान टाकली.

प्रश्न राखेचा होता. ती पुन्हा पोत्यांत भरली होती. मुलगा म्हणाला, पैनगंगेत सोडू. काकू म्हणाल्या, "पाण्याले भे तो. गुडघ्याच्या वर कधी नदीत गेला नाई. वावरात नेऊ."

वावर मोकळं होतं. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता. आम्ही तिघं मुलाच्या गाडीतून आसेगावला गेलो. काकूंनी पदर खोचला, टोपलं कमरेला लावलं आणि राख फेकत निघाल्या. खत फेकतात तशी, एका लयीत, पावलागणिक एक मूठ. मी त्यांच्या मागून चालत होते. गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं कळेना. त्या हातांना हे काम वर्षानुवर्षांचं ठाऊक होतं. काळ्या ढेकळांवर राख क्षणभर दिसायची आणि वाऱ्यानं मातीत मिसळून जायची. शेवटचं टोपलं रिकामं झालं तेव्हा मागे वळून पाहिलं तर काकांचा कुठं मागमूस नव्हता, आणि सगळीकडे तेच होते.

परतताना काकूंनी गाडी गावातल्या घरासमोर थांबवायला सांगितली. मुलानं घर झाडून ठेवलं होतं. त्या कुलूप उघडून आत गेल्या. आम्ही दोघं बाहेर उभे. मुलगा माझ्याकडे बघेना आणि मी त्याच्याकडे. काका आता इथं आले होते. मीच पट्ट्या आणल्या, मीच खोदायला लावलं, आणि आता माणूस तिकडे म्हणून त्याही इथंच राहणार, असं मला वाटत होतं.

आत भांडी हलल्याचा आवाज आला. मग खिडकी लावल्याचा. मग दुसरी खिडकी लावल्याचा. काकू बाहेर आल्या, कुलूप घातलं आणि किल्ली मुलाच्या हातात दिली.

"बटईवाल्याले दे. त्याले ढोराचं कुटार ठेवाले जागा नाई म्हणे. ठेवू दे इथं."

मी विचारलं, "काकू, तुमी नाही राहत इथं?"

"मी कायले राहू? त्याले इथं करमते, तो राह्यला." त्या गाडीत चढू लागल्या. मी हात दिला. बसून, पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "मले वाशीमात करमते."

एवढ्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. त्यांच्या मुलानंही बहुतेक प्रथमच ऐकलं, कारण तो गाडी सुरू करायची विसरून आरशात आईकडे बघत राहिला. मला फार आनंद झाला. पण माझा स्वभाव काही जात नाही. नव्या खड्ड्यात मान टाकून उभा असलेला तो आंबा माझ्या डोळ्यांपुढे होता आणि विचारल्याशिवाय राहवेना.

"काकू, अन् झाड नाही जगलं तं?"

"तं दुसरं लावू," काकू म्हणाल्या. "किती इचारतं व तू!"